बोट स्त्रीलिंगी

छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून उभी हयात घालवलेल्या वेलांटीकाकांच्या नजरेतून चूक सुटत नाही, ही गोष्ट सर्वमान्य आहे. फक्त ती चूक कागदावर असावी लागते. जमिनीवरची चूक काकांना बहुधा ठेच लागल्यावर दिसते.

एका चुकीच्या वेलांटीपायी त्यांनी एकदा अख्खं कॅलेंडर थांबवलं होतं. ते बाजारात आलं तेव्हा नवं वर्ष चांगलं रुळलं होतं. वेलांटीकाका हे नाव तेव्हाचं.

निवृत्तीनंतर काकांनी मासेमारी धरली. मासे तितकेसे धरले नाहीत. लांब राहणाऱ्या मुलीने वाढदिवसाला रबरी बोट पाठवली. हवा भरली की बोट, हवा काढली की गादीची वळकटी. दोन माणसं बसतील एवढी जागा. त्यातल्या दुसऱ्या जागेवर काकांनी आजवर फक्त गळाची पिशवी बसवली होती, कारण काकू यायला तयार नव्हत्या.

"तुमचा डावा खांदा धरलाय," काकू म्हणायच्या. "वल्हवता उजव्या हाताने. बोट जागच्या जागी फिरते. चक्कर मला घरातही येते. त्यासाठी तलावावर कशाला येऊ?"

काकू हिशेबतपासणी खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांच्या कामात बोट ठेवायला जागा नसे, आणि दुसऱ्याच्या कामात बोट ठेवल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"मोटर बसवली तर?" काकांनी एकदा सहज विचारलं.

"मग येईन."

हे उत्तर काकांना अपेक्षित नव्हतं. तलावाच्या मध्यावर गेल्यावर काय वाटतं, हे ते बायकोला वर्षानुवर्षं सांगत आले होते, आणि त्या वर्षानुवर्षं "हो का" म्हणत आल्या होत्या. आता मुलीचं बाळंतपण आलं होतं. सोमवारी काकू सहा महिन्यांसाठी तिच्याकडे जाणार होत्या. मध्ये एकच रविवार होता. काकांनी धावपळ करून एक छोटी जुनी मोटर आणली आणि ती अडकवायची पट्टी रबराला पाण्यात न सुटणाऱ्या पक्क्या डिंकाने चिकटवली. डिंक नावाला जागला. पट्टी तर बसलीच, शिवाय काकांच्या दहाही बोटांवर त्याचा असा चकचकीत थर बसला की रात्री त्यांच्या हातातून चमचा काकूंना सोडवून घ्यावा लागला.

तेवढ्यात तलावाच्या रखवालदाराने शंका काढली. "वल्ह्यांच्या बोटीला काही लागत नाही, काका. मोटर लागली की नोंदणी. कचेरीत पडताळणी होते, मग नंबर मिळतो."

"बेकायदा बोटीत मी पाय ठेवणार नाही," काकूंनी जाहीर केलं. "तुम्ही नोंदणी आणा, मी डबा आणते."

शुक्रवारी सकाळी काका कचेरीत हजर झाले. तळमजल्यावर लांबलचक रांग होती आणि खिडकीवर पाटी होती: 'बोट पडताळणी'. खरं तर ती बोटांच्या ठशांची पडताळणी होती. पेन्शनरांनी वर्षातून एकदा यायचं, यंत्रावर बोट टेकवायचं आणि आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवायचं. पण पाटी अरुंद होती आणि रंगाऱ्याने ठसे गाळले होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी गाळलेले शब्द शोधणाऱ्या काकांनी पाटी दोनदा वाचली, 'पडताळणी'तला 'ळ' बरोबर असल्याची खात्री करून घेतली आणि रांगेत उभे राहिले.

रांगेत सगळी वयस्क मंडळी पाहून काकांना बरं वाटलं. या वयात एवढ्या लोकांना बोटीचा नाद आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"पहिल्यांदाच आलात?" पुढच्या आजींनी विचारलं.

"हो. यंदाच मोटर बसवली."

आजींनी काकांच्या छातीकडे काळजीने पाहिलं. "आमच्या यजमानांनाही बसवलंय मशीन. काही त्रास नाही हो. नुसतं बॅटरीवर चालतं."

"माझी पेट्रोलवर आहे."

आजी अर्धं पाऊल पुढे सरकल्या.

"आवाज नाही येत?" थोड्या वेळाने त्यांना राहवेना.

"येतो ना. सुरू करताना दोरी ओढावी लागते. पण एकदा लागली की मग बघायला नको."

आपला नंबर आल्यावर आजींनी बोट टेकवलं, जिवंत ठरल्या, आणि घरी जायचं सोडून खांबाला टेकून उभ्या राहिल्या. दोरी ओढायची वेळ आलीच तर जवळ कोणीतरी असावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

"बोट ठेवा," कारकून मान वर न करता म्हणाला.

"इथे?"

"मग काय माझ्या डोक्यावर?"

"बाहेर गाडीत आहे. डिकीत."

कारकुनाने मान वर केली. काकांचे दोन्ही हात काउंटरवर होते. त्याने मनातल्या मनात मोजली. दहा भरली.

"कुठलं राहिलंय डिकीत?"

"एकच आहे. आणू का?"

"काका, सुट्टी व्हायच्या आत मागची सगळी माणसं मला जिवंत करायचीत. बोट स्वच्छ आहे ना? ओलं नाही ना?"

यातला 'जिवंत' हा शब्द दुसऱ्या कोणीही ऐकला असता. काकांनी फक्त व्याकरण ऐकलं.

"ओली," ते म्हणाले.

"ओलं असेल तर पुसा."

"ओली नाहीये. 'ओली' म्हणा, असं सांगतोय. बोट स्त्रीलिंगी आहे."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "या खिडकीत बसून रोज शेकडो बोटं बघतो मी."

"बोटी."

"बोटं."

"अहो, बोट नपुंसकलिंगीच," मागून एक छत्रीवाले आजोबा म्हणाले. "ते बोट, ती बोटं. शाळेत शिकवलंय मी."

"म्हणूनच ही पिढी अशी लिहिते," काका मागे वळून म्हणाले.

"माझ्या विद्यार्थ्यांपर्यंत जायचं काम नाही."

"कोणतंही एक ठेवा आणि मिटवा की," रांगेच्या शेपटाकडून कोणीतरी ओरडलं.

"मी एकच आणलीय."

"मग आणा हो ती," खांबाजवळच्या आजी कळवळून म्हणाल्या. "दाखवा त्यांना, म्हणजे होऊन जाईल."

काका ताडताड बाहेर गेले आणि वळकटी खांद्यावर टाकून, बॅटरीचा पंप हातात घेऊन परत आले. खिडकीसमोर त्यांनी ती उलगडली, पंपाची नळी लावली आणि बटण दाबलं. पंप घरघरू लागला. रांगेला आधी वाटलं, तंबू असावा. मग त्या तंबूला टोक आलं, मग कडा आल्या, आणि रांग हळूहळू भिंतीला लागली. छत्रीवाले आजोबा छत्रीसकट कोपऱ्यात गेले. आजींना उभं राहायला जागाच उरली नाही, तेव्हा त्या आत बसल्या. बोटीचं टोक वर वर जात खिडकीच्या काचेला टेकलं आणि कारकुनाच्या टेबलावर अंधार झाला.

"बसायला चांगलं आहे हो," आजी म्हणाल्या.

"चांगली आहे," काका म्हणाले.

बाजूचं दार उघडून कारकून बाहेर आला. त्याने बोटीकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं, आणि काकांच्या नाकासमोर आपल्या उजव्या हाताची तर्जनी उभी धरली.

"काका, मला हे हवंय."

काका त्या तर्जनीकडे बराच वेळ पाहत राहिले. अख्खं पुस्तक छापून झाल्यावर मथळ्यात चूक सापडावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

"ते नपुंसकलिंगी आहे," ते हळूच म्हणाले.

"तेच सांगतोय मी मघापासून," कोपऱ्यातून छत्रीवाले आजोबा म्हणाले.

बोटींची नोंदणी वरच्या मजल्यावर होती. पंपाच्या आवाजाने तिथल्या तपासनीस बाई खाली आल्या. "पहिल्यांदाच कोणीतरी बोट फुगवून आणलीय," त्या कौतुकाने म्हणाल्या. "लोक वळकटी घेऊन येतात आणि म्हणतात, मापं घ्या." त्यांनी तिथेच टेप लावली. आजींना उठवण्याऐवजी त्यांनी 'वजन पेलते' असा शेरा मारला. डिकीतली मोटर पाहिली. पट्टी ओढून पाहिली. पट्टी हलली नाही, बाई हलल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता फक्त मालकाची ओळख. या यंत्रावर बोट ठेवा."

काकांनी लिंगाविषयी चकार शब्द न काढता बोट ठेवलं. यंत्राने लाल दिवा लावला. दुसरं ठेवलं. लाल. अंगठा, करंगळी, डावा हात, सगळं झालं. डिंकाच्या थराखाली काकांची रेघ न रेघ गुळगुळीत झाली होती.

"ओळख पटत नाही, असं म्हणतंय," कारकून म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या आवाजात माया होती. "घासून घासून निघेल चार-पाच दिवसांत. बुधवारी या."

"रविवारी जायचंय," काका म्हणाले. "सोमवारी ती जाणार." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "ती कधी नव्हे ते हो म्हणालीय हो."

कारकुनाने यंत्र पुन्हा एकदा पुसलं. शेवटी बोटीतून आजी म्हणाल्या, "मग त्यांनाच बोलवा की. त्यांच्या बोटांना काय झालंय?"

काकू आल्या. कचेरीच्या मध्यावर फुगलेली बोट, तिच्यात बसलेल्या अनोळखी आजी, भिंतीला लागलेली रांग, हे सगळं त्यांनी एका नजरेत तपासलं.

"तुम्ही पाटी वाचली होती?" त्यांनी विचारलं.

"दोनदा," काका म्हणाले.

काकूंच्या नोकरीतही एवढी मोठी चूक सापडली की त्या आधी पाणी पीत. त्यांनी पाणी प्यायलं, पर्स काखेत धरली आणि यंत्रावर बोट टेकवलं. हिरवा दिवा लागला. मालक म्हणून काकू, चालक म्हणून काका, अशी नोंद झाली. नंबर मिळाला. रांगेने टाळ्या वाजवल्या, कारण आता रांग पुढे सरकणार होती.

रविवारी सकाळी दोघं तलावाच्या मध्यावर गेली. काकांनी मोटर बंद केली. पाणी हळूहळू स्थिर झालं.

"आता काय करायचं?" पर्स मांडीवर घट्ट धरून काकूंनी विचारलं.

"काही नाही. बसायचं."

"यासाठी तुम्ही पहाटे उठून येता?"

"हो."

वरून एक पक्षी गेला, त्याच्याकडे काकूंनी मान वळवून पाहिलं. मग पर्स बाजूला ठेवली. डबा उघडायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. गळ हलला, पण काकांनी तो उचलला नाही.

"पुढच्या वेळी पाठीला उशी आणू," बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या.

परतताना काकांनी मोटर इतकी हळू चालवली की रखवालदाराला ती बिघडलीय असं वाटलं आणि तो दोरी घेऊन काठावर येऊन उभा राहिला.

त्याने नोंदणीचा कागद पाहिला आणि काकूंना हात देऊन उतरवून घेतलं. "काम चोख झालंय, मालकीणबाई. मी यांना आधीच सांगायला हवं होतं, मोटर लावून निघायचं तर मालक बोटीत बसलेला लागतो."

काकू सोमवारी गेल्या. मालकीण परत येईपर्यंत बोट हवा काढून कपाटावर ठेवली आहे.