पालकाची अट

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी परसबागेतल्या भाज्यांनी कळवलं, की जी मुलं आम्हाला ताटाच्या कडेला काढून ठेवतात त्यांच्या ताटात आम्ही यापुढे जाणार नाही.

मी शाळेत खिचडी शिजवते. मुलं मला मावशी म्हणतात. भाज्यांचं म्हणणं मी आधी मनावर घेतलं नाही. पालक चिरला, खिचडीत घातला, वाढायला बसले. तर ज्याचं ताट पुढे येईल त्याला बघून पालक पातेल्याच्या पलीकडच्या बाजूला सरकायचा. पळीत नुसता भात आणि डाळ. मी पातेलं फिरवलं, तो पुन्हा पलीकडे. मुलं खूश झाली. काढून ठेवायचे कष्ट वाचले.

यात ढमाले सरांची थोडी चूक होती. आहाराचा धडा वर्गात कंटाळवाणा होतो म्हणून ते तो परसबागेत घ्यायचे. मुलं वाफ्याच्या कडेला बसून मुंग्या बघायची. भाज्यांना कुठे जाता येत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं. पालकात लोह असतं, गाजर डोळ्यांना चांगलं, शेवग्याच्या पानाला तर तोड नाही. वर्षभर हे ऐकल्यावर कुणालाही ताटाच्या कडेला पडून राहावंसं वाटणार नाही.

गोसावी मॅडम आमच्या मुख्याध्यापिका. त्या, सर आणि मी परसबागेतल्या वेलाच्या मांडवाखाली बोलणी करायला गेलो. भाज्यांच्या वतीने दुधी बोलला. तो बियाण्यासाठी वेलावर राखलेला, वाळून खडखडीत झालेला. त्याला कुणी खाणार नव्हतं, म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास.

"पोषण आहारात भाजी असलीच पाहिजे, वरून आदेश आहे," सर म्हणाले.

"आदेश तुम्हाला आहे," दुधी म्हणाला. "आम्ही इथे नोकरीला नाही."

मॅडमनी सरांना गप्प राहायची खूण केली. "मग काय केलं म्हणजे चालेल?"

"मुलाने वाफ्यापाशी यावं. जी भाजी हवी तिला समोरासमोर सांगावं, तू मला का हवीस. तिला पटलं तर ती जाईल."

सरांनी दोन दिवस मुलांकडून घोकून घेतलं. मुलं रांगेने वाफ्यापाशी गेली आणि एका सुरात म्हणाली, तुझ्यात लोह आहे, तुझ्यात जीवनसत्त्व आहे. भाज्यांना ते पटलं. जेवणात पालक पुन्हा पळीत येऊ लागला. इतकं करून मिळालेली भाजी कडेला ठेवायचं मुलांच्याही जिवावर आलं. ती खाऊ लागली.

राहिली एकटी तनिष्का लोंढे. दुसरीतली, काडीसारखी. सुट्टीच्या आधी डॉक्टर आले होते, त्यांनी हिच्या अंगात रक्त कमी आहे, पालेभाजी द्या, असं बजावलं होतं. घरी आई पहाटे मळ्यात कामाला जाते, पोरगी चहा-बटर खाऊन शाळेत येते. प्रार्थनेला उभी राहिली की हिला गरगरायचं, आणि मी तिला ओट्यावर आणून बसवायची. जिला पालकाची सगळ्यांत जास्त गरज, तिच्याच ताटात तो येत नव्हता.

"एवढं एक वाक्य तर आहे," मी तिला म्हटलं. "म्हणून टाक की."

"मला आवडत नाही तो. मग हवा कसं म्हणू?"

"सगळे म्हणाले ना?"

"ते खोटं बोलले. खोटं बोलू नये असं सरच सांगतात."

सर जवळच उभे होते. ते नळ नीट बंद आहे का बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत ती खाली पडली. कपाळाला टेंगूळ आलं. मी तिला कडेवर घेतलं आणि वर्गात न नेता सरळ वाफ्यापाशी नेलं.

"हिचं ऐकून घ्या," मी दुधीला म्हटलं. "हिला पाठ केलेलं येत नाही."

"बोल," दुधी म्हणाला.

तनिष्काने पालकाकडे बघितलं. "तू बुळबुळीत लागतोस," ती म्हणाली. "दाताला चिकटतोस. नंतर पाणी प्यायलं तरी तोंडात मातीसारखं राहतं. पण मला चक्कर येते."

मला वाटलं, संपलं. मेथीने तोंड फिरवलं.

मग पालक बोलला. तो फारसा बोलत नाही. "सगळे येऊन मला लोह म्हणून गेले," तो म्हणाला. "मी लागतो कसा, हे हिलाच ठाऊक आहे. मातीसारखं लागतं ते खरंच आहे. मी तिथेच असतो."

"मग जाणार का तू?" दुधीने विचारलं.

"जातो. पण कडेला नाही."

"नाक धरून खाल्लं तर चालेल?" तनिष्काने विचारलं.

पालकाने थोडा विचार केला. "चालेल."

त्या दिवशी मी पळी बुडवली आणि ती हिरवीगार वर आली. तनिष्काने नाक धरलं, डोळे मिटले आणि ताट स्वच्छ केलं. हात धुऊन ती वाफ्यापाशी गेली. "आज पण बुळबुळीत," तिने सांगितलं. पालक म्हणाला, "बरं." तेव्हापासून रोज असंच चालतं. कधी ती म्हणते, "आज मीठ जास्त होतं," तेव्हा पालक म्हणतो, "ते मावशींना सांग."

होळीच्या सुमाराला डॉक्टर पुन्हा आले. तनिष्का त्या दिवशी प्रार्थना संपेपर्यंत उभी होती, गेले कित्येक दिवस राहते तशी. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि मॅडमना म्हणाले, "चांगला फरक आहे." मग तनिष्काला विचारलं, "काय खातेस गं?"

"पालक."

"आवडतो वाटतं?"

"नाही."

"खरं आहे," खिडकीखालच्या वाफ्यातून पालक म्हणाला.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.