धनुष्याजोगी फांदी

वखारीतून आणलेली आणखी एक फळी चष्मेवाल्यांनी गुडघ्याला टेकवून वाकवली, तशी ती मधोमध मोडली आणि तिचा एक तुकडा उडून बायकोच्या कुंडीवर आदळला.

"झालं का धनुष्य?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"हिच्या रेषा तिरप्या गेल्यात," चष्मेवाले म्हणाले. "चिरलेली फळी चालायचीच नाही. अख्खी फांदी हवी. सरळ, बिनगाठीची, चिवट."

दुकान मुलीच्या हाती सोपवल्यापासून त्यांना हे वेड लागलं होतं. जन्मभर लोकांच्या नाकावर काचा बसवल्या, आता एक तरी वस्तू मुळापासून आपल्या हाताने करायची, आणि तीही जुन्या पद्धतीची, एकसंध लाकडाची. रस्त्याने जाताना ते माणसांऐवजी झाडांकडे बघत. झाडांना नमस्कार केला नाही, एवढंच.

आणि कुंडीची माती भरता भरता त्यांची नजर वर गेली. काखेत कळसा नि गावाला वळसा! शेजारच्या पोस्टमास्तरांच्या तुतीची फांदी भिंत ओलांडून त्यांच्याच अंगणात आली होती. मनगटाएवढी जाड, सुतासारखी सरळ.

अडचण एकच होती. याच फांदीवरून दोन्ही घरांत अबोला होता. तिची पिकली फळं दोरीवरच्या कपड्यांवर पडत. मुलीचा नवा पांढरा सदरा जांभळा झाला, त्या दिवशी चष्मेवाले भिंतीवरून ओरडले होते, "तोडा ती फांदी." पोस्टमास्तरांनी तितक्याच चढ्या आवाजात सांगितलं होतं, "झाड आधीचं आहे, तुमची दोरी मागाहून आली." त्यानंतर बोलत होत्या त्या फक्त बायका, तेही नवरे दुपारचे आडवे झाले की.

"ज्या तोंडाने तोडा म्हणालो, त्याच तोंडाने द्या कसं म्हणू?" चष्मेवाले म्हणाले.

"तोंड एकच आहे तुमचं. दुसरं कुठून आणणार?"

मग त्यांनी कलाकलाने घ्यायचं ठरवलं. आधी कपड्यांची दोरी अंगणाच्या दुसऱ्या कडेला बांधली. खाली पडलेली फळं कुरकुर न करता झाडून काढली. एकदा पोस्टमास्तर पाणी घालताना दिसले, तर भिंतीपाशी जाऊन म्हणाले, "यंदा झाड छान बहरलंय हं." पोस्टमास्तरांच्या हातातली झारी तशीच वाहत राहिली. पुढे रोज सकाळी चष्मेवाले फांदीखाली उभे राहून तिच्याकडे प्रेमाने बघू लागले. पोस्टमास्तर हे पडद्याआडून पाहत होते. त्यांना घास गोड लागेना.

प्रत्यंचेसाठी चिवट दोरा घेऊन चष्मेवाले बाजारातून परतले, तेव्हा अंगणात भलताच उजेड पडला होता. फाटकाशी पोस्टमास्तर घामाघूम उभे होते. पायाशी टोपली होती.

"घ्या," ते म्हणाले. "इतकी वर्षं तुम्ही सोसलंत, आणि वर झाडाचं कौतुक केलंत. मलाच लाज वाटली. उचलायला जड जाऊ नये म्हणून वीत वीत तुकडे केलेत."

चष्मेवाल्यांनी एक तुकडा उचलला. एक गाठ नव्हती. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ.

"फार... नीट कापलीत," ते कसंबसं म्हणाले.

बायकोने पोस्टमास्तरांना चहाला आत बोलावलं. पहिल्याच घोटाला ते म्हणाले, "तुमचा चेहरा का उतरलाय?" चष्मेवाल्यांनी उत्तर द्यायच्या आत बायकोने सगळं सांगून टाकलं.

पोस्टमास्तरांनी कप खाली ठेवला. मग उठले. "चला."

"कुठे?"

"वर आणखी एक आहे. माझ्या छपराकडची. आत्ताच उतरवतो."

"अहो, नको," चष्मेवाले त्यांच्या मागे धावले. "पानं गळू द्या आधी. आत्ता तोडली तर वाळताना फुटेल."

"मला आजच द्यायची आहे."

"मी सांगतोय ना, हात लावायचा नाही फांदीला!"

"माझं झाड आहे. मी तोडीन."

आवाज चढत गेले. पलीकडे पोस्टमास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "आता कुठे जमत होतं," असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. खाली दोघे एकाच शिडीला धरून उभे होते. एक ती लावू पाहत होता, दुसरा काढू पाहत होता, आणि सोडायला कुणीच तयार नव्हतं.