बोलीचा अस्सल नमुना

आमचे देवरे सर बोलताना विरामचिन्हंसुद्धा बोलतात. "बाई स्वल्पविराम वाटीभर साखर मिळेल का प्रश्नचिन्ह," असं माझ्या दारात उभं राहून विचारतात. बत्तीस वर्षं मुलांना शुद्धलेखन घालून त्यांची जीभच तशी वळली आहे. घरी बायको आणि मुलगाही त्यांना 'सर' म्हणतात. भाजीवाली "मेथी लय भारी हाय" म्हणाली की सर आधी 'लय' दुरुस्त करतात, मग 'हाय'. मेथी राहूनच जाते.

सिडकोत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मी त्यांच्याच शाळेतून निवृत्त झाले, त्यामुळे अजून त्यांची 'बाई'च आहे. परवा शाळेत फर्मान निघालं, प्रत्येक शिक्षकाने वर्गासाठी एक पॉडकास्ट करायचा. सरांनी विषय घेतला, 'आपल्या जिल्ह्यातल्या बोली'.

"सातवीत हरसूलची मुलं आहेत, मनमाडची आहेत," ते म्हणाले. "एकमेकांच्या बोलण्याला हसतात. दहा मिनिटं ऐकवायचं, मग बोलतं करायचं. उपयोग होईल का, बाई?"

माझ्या मागच्या खोलीत रस्त्याचा आवाज येत नाही, म्हणून ध्वनिमुद्रण तिथे, गाद्यांच्या थप्पीआड. नातीने माझ्या फोनात रेकॉर्डिंगचं अ‍ॅप घालून दिलंय, म्हणून बटण दाबायचं काम माझ्याकडे. पहिल्या दिवशी कुकर शिट्टी देऊन मध्ये बोलला. दुसऱ्या दिवशी सर स्वतःच 'पूर्णविराम' बोलून बसले. तिसऱ्या दिवशी सगळं जमलं आणि गाडी अहिराणीपाशी अडली.

"अस्सल नमुना हवा. तुमच्या ओळखीत आहे का कोणी अहिराणी बोलणारं?"

मी बघतच राहिले. माणूस नामपूरचा, सगळं बालपण तिथल्या कांद्याच्या बाजारात गेलेलं!

"अहो, तुम्हीच बोला की."

"मला नाही येत आता."

आता इथे माझं थोडं सांगायला हवं. सर पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत आले, तेव्हा चोवीस वर्षांचे होते. मला म्हणाले, "मॅडम, खडू कठे शे?" मी तेव्हा अडतिशीची. डोक्यावर अबोलीचा गजरा आणि डोक्यात हवा. मराठी भाषा माझ्याच खांद्यावर उभी आहे आणि मी वाकले की पडेल, अशी माझी समजूत. मी इतकी हसले की चहा सांडला. मग महिनाभर सगळी खोली एकमेकांना विचारत होती, "डस्टर कठे शे? शिपाई कठे शे?" मी त्यात पुढे. फार विनोदी आहोत असं वाटायचं आम्हाला. तो पोरगा दुसऱ्या महिन्यापासून असं शुद्ध बोलायला लागला की मी त्याचं श्रेयही घेतलं!

"मग आईंना लावा फोन," मी म्हटलं.

सर गादीच्या शिवणीशी चाळा करत राहिले. "आईसुद्धा आता चांगलं बोलते."

चांगलं म्हणजे काय, ते त्यांनीच सांगितलं. सरांच्या लग्नानंतर आई इथे राहायला आली होती. पाहुण्यांसमोर ते तिला म्हणाले होते, "आई, लोकांत 'शे' नको म्हणूस." ती कमी बोलायला लागली आणि दोन महिन्यांत गावी परत गेली. तेव्हापासून मुलाशी फोनवर बोलते ती 'आहे', 'नाही' असं जपून जपून.

तरी त्यांनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. मी बटण दाबलं.

"आई, मी बोलतोय. मुलांसाठी रेकॉर्ड करतोय. आपल्या बोलीत बोल."

पलीकडे घसा खाकरला. "नमस्कार. मी बरी आहे. तुमची तब्येत बरी आहे का?"

"आई, तसं नको. घरी बोलतेस तसं."

"पाऊस ठीक आहे. कांदे चाळीत साठवले आहेत." एकेक शब्द पाटीवर गिरवल्यासारखा. "माझं काही चुकलं का?"

सर कपाळावर हात धरून बसले. मी बटणाकडे बोट नेलं, तेवढ्यात ते फोनवर वाकले. आवाज मी कधी न ऐकलेला, जरा फाटका.

"माय... तू कशी शेस?"

मग म्हातारी एकदम मोकळ्या, ठणठणीत आवाजात म्हणाली, "कोन शे रे भाऊ? कोना पोऱ्या शेस तू?"

तिने ओळखलंच नव्हतं.

"तुना," सर म्हणाले. "तुनाच शे, माय."

त्यानंतर ती जे बोलत सुटली त्यातलं मला निम्मं कळलं नाही. सर नुसते "हाव माय, हाव" करत होते, आणि चष्मा काढून ठेवला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहाचं आधण ठेवलं आणि उतू जाऊ दिलं.

फोन ठेवल्यावर विचारलं, "वर्गात लावणार ना?"

"लावीन. हसली मुलं तर हसू देत. आधी मी बोलून दाखवीन, मग तिचं." चष्मा परत चढवत म्हणाले, "बाई, सुरुवातीला ती मला 'तुम्ही' म्हणाली ना, तेवढं कापता येईल का?"

मला कुठलं येतंय! मी नातीला फोन करून विचारलं.

"हो आजी," ती म्हणाली, "एका मिनिटाचं काम आहे."