जिन्यावरची सव्वीस अक्षरं

एकेहार्ड किंत्सलेने आपली अक्षरं जिन्यावर मांडायचं ठरवलं, तेव्हा त्याला वाटलं की आपण फार साधं काहीतरी करतोय. (फार साधं काहीतरी करताना त्याच्या हातून आजवर दोन बेसिनं आणि एक मोटार गेली होती.)

अक्षरं त्याने स्वतः लाकडात कोरलेली होती. ताटाएवढी, जाडजूड, टोकांना कसलीही शेपटी नसलेली. श्टुटगार्टच्या एका नाट्यगृहाला पोस्टरांसाठी असाच छपाईचा ठसा हवा होता, पण चाळीस वर्षं वापरून झिजल्यासारखा. कानस झाली, पॉलिशपेपर झाला, एकेहार्डने साखळीने बडवूनही पाहिलं. छापल्यावर प्रत्येक ओरखडा मुद्दाम मारलेला दिसे. गुरुवारी नमुना द्यायचा होता. या कामाच्या भरवशावर त्याने पक्की नोकरी सोडली होती आणि त्याच्या बायकोला, गुडरूनला, हे रोज सकाळी कॉफीबरोबर आठवत असे.

"पाच बिऱ्हाडांचे बूट पडले की झिजतील आपोआप," तो म्हणाला.

"आणि या आठवड्यात जिना झाडायची पाळी कोणाची?"

दर आठवड्याला दार बदलणारी पाळीची पाटी सध्या त्यांच्याच दारावर लटकत होती. एकेहार्डने ती न पाहिल्यासारखं केलं. "अक्षरं उचलली की झाडतो ना."

दोन दिवसांत एकानेही अक्षरावर पाय दिला नाही. सगळे कठडा धरून, अंग चोरून चढायचे. वरच्या आजोबांनी M ओलांडताना कंबर लचकवून घेतली, पण M ला धक्का लागू दिला नाही.

बुधवारी दुपारी तो घरी आला, तर जिना लख्ख आणि अक्षरं गायब. मागच्या अंगणात तळमजल्यावरच्या श्वेंकबाई बाह्या सारून बसल्या होत्या. समोर सोड्याच्या गरम पाण्याची बादली, हातात तारेचा ब्रश.

"पाळी तुमची होती, मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण लोक काय म्हणतील आपल्या इमारतीला? आणि या फळ्यांवर किती ती काळी शाई. Z ला तर मी अर्धा तास दिला."

एकेहार्ड एकेक अक्षर उलटून पाहू लागला. पाच महिन्यांची मेहनत उन्हात वाळत पडली होती.

"आधी छापून बघ," गुडरून म्हणाली. "रडायचं असेल तर मग रड."

त्याने छापलं आणि त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मऊ लाकूड निघून आतल्या शिरा वर आल्या होत्या, कोपरे दमले होते, R चा पाय कागदात हळूच विरत होता. आणि कुठेही मुद्दामपणा नव्हता, कारण श्वेंकबाईंनी मुद्दाम फक्त स्वच्छता केली होती.

नाट्यगृहाच्या संचालकांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "हा हात कोणाचा?" त्यांनी विचारलं. एकेहार्डने खरं ते सांगितलं. महिन्याभरात गावातल्या प्रत्येक ट्राम थांब्यावर ती अक्षरं झळकली. तो मुद्दाम चालत त्या थांब्यांसमोरून जाई आणि त्याची छाती कोटात मावत नसे. अक्षरांना बक्षीस मिळालं, त्या दिवशी तर गुडरून कॉफीबरोबर काहीच बोलली नाही.

मग संचालकांना आकडेही हवे झाले. श्वेंकबाई तयार झाल्या, एका अटीवर.

एका दुपारी नाट्यगृहातून फोन आला. गुडरूनने उचलला. "कलाकार ना? त्या अंगणात आहेत, आठाला घासतायत, आत्ता नाही यायच्या." पलीकडून काही विचारलं गेलं. "छे हो, तो आवाज बादलीचा. जिना पुसतोय तो माझा नवरा. ईस्टरपर्यंत पाळी त्याचीच आहे."