केकसाठी शॉकअप

माणसाने मेहुणीच्या लग्नात बिअरचा पाद्रिनो व्हावं, बँडचा व्हावं, फार तर अंगठ्यांचा व्हावं. केकचा होऊ नये. हे शहाणपण मला आता आलंय. लिदियाचं लग्न ठरलं त्या दिवशी सासरी कामं वाटली जात होती. आमच्याकडे जो ज्याचा पाद्रिनो, त्याने ती वस्तू आपल्या जबाबदारीवर मांडवात आणून पोचवायची. बिअर गेली, बँड गेला, अंगठ्या गेल्या. केकला कोणी हात वर करेना, म्हणून मी केला.

"तू?" सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंच्या, म्हणजे दोन्या सातुर्नीना यांच्या, त्या एका शब्दात माझा सगळा इतिहास होता. मागे एका बाप्तिस्म्याला मीच केक नेला होता. घरून निघताना तो केक होता. पोचल्यावर लोकांनी वाट्या मागितल्या. तेव्हापासून सासरी मला 'सूपवाले जावई' म्हणतात.

"अरे रोमुलो, लग्न कोरोइकोला आहे," माझी बायको निएवेस मला आवरायला लागली. "डोंगरमाथा चढायचा आणि मग दरीत उतरेपर्यंत नुसती वळणं. केक मिनिबसवाल्याकडे देऊ या ना."

"मिनिबसवाल्याकडे? का, मी काय मेलोय?"

"अजून नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण नीट ऐक, जावईबापू. या वेळी केक धड पोचला नाही, तर यापुढे या घरच्या कार्याला तू नुसता जेवायला यायचंस."

आता बाहेरच्यांना यात काही वाईट वाटणार नाही. पण आमच्यात ज्याला कशाचाच पाद्रिनो करत नाहीत, नुसता जेवायला बोलावतात, त्याच्या फोटोला हार घालायचा तेवढा बाकी असतो.

वास्तविक त्या बाप्तिस्म्याच्या वेळचा दोष माझा नव्हता, गाडीचा होता. (हे मी आजही म्हणतो, पण एकटा असताना.) आमची म्हातारी जपानी गाडी वळणावर अशी कलंडायची की मागे बसलेल्याला खिडकीतून आकाशाऐवजी डांबर दिसायचं. मी तडक माझा कोम्पाद्रे, म्हणजे मानलेला भाऊ, फर्मिन याचं गॅरेज गाठलं.

"सस्पेन्शन!" फर्मिनने गाडीचा कोपरा दाबून निदान केलं. "स्प्रिंगा कडक घालू, शॉकअप कडक घालू, गाडी चांगली खाली बसवू. वळणावर झुकली तर नाव बदलेन."

"आणि ब्रेक?"

"मोठ्या डिस्क टाकू. तू मनात आणशील तिथे थांबेल."

मी पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे. माझ्या मनात आलेलं आजवर कोणीही ऐकलेलं नाही. निदान ब्रेक तरी ऐकतील या कल्पनेनेच मी विरघळलो. काम झाल्यावर आम्ही बॉनेटवर पाण्याने भरलेला ग्लास ठेवून गाडी खालच्या मोठ्या रस्त्याने फिरवली. थेंब सांडला नाही. तो रस्ता नुकताच नवा केलेला होता, ही बारीकशी बाब माझ्या लक्षात आली नाही, आणि फर्मिनने ती आणून दिली नाही.

लग्नाच्या दिवशी आम्ही निघालो. मागच्या सीटवर सासूबाई, त्यांच्या मांडीवर तीन मजली केक, केकच्या माथ्यावर साखरेचे नवरा-नवरी आणि सासूबाईंच्या माथ्यावर त्यांची ठेवणीतली गोल टोपी. डोंगरमाथ्यावर पोचल्यावर सगळ्यांसारखे आम्हीही थांबलो. पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, दोन घोट पाजल्याशिवाय त्या दरीत कोणी गाडी घालत नाही. केक निएवेसकडे देऊन सासूबाई सिंगानीची बाटली घेऊन उतरल्या. आधी जमिनीवर दारू शिंपडली, मग चारही चाकांवर. तेवढ्यात चाकाच्या आऱ्यांमधून त्यांना नवे लाल ब्रेक दिसले.

"हे कोण?"

"नवे ब्रेक, आई."

त्यांनी ब्रेकांनाही पाजली. मग विचारलं, "आणि त्या स्प्रिंगा?"

"त्या आत असतात. त्यांना नाही लागत."

"तुला लागते ना? मग? जुन्या स्प्रिंगांनी जन्मभर आपल्या हातची घेतली होती, त्या घरच्या होत्या. या परक्या. उपाशी उतरवतोस होय रे त्यांना दरीत? उघड ते बॉनेट!"

बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना शॉकअपची डोकी दिसतात. सासूबाईंनी दोघांच्या डोक्यावर सढळ हाताने बाटली उपडी केली. मी अडवायला हवं होतं. पण अशा उतारापुढे उभं राहून पाचामामा आणि सासू या दोघींशी एकदम वाकडं घेण्याची माझी छाती नाही. (खरं सांगायचं तर 'डावीकडच्याला कमी पडली' हे मीच म्हणालो.)

वर थंडी मरणाची, म्हणून हीटर लावला. इंजिन तापलं, आणि बॉनेटखालची सिंगानी वाफ होऊन हीटरच्या जाळीतून थेट आमच्या अंगावर यायला लागली. निएवेसने काच खाली केली. "बंद कर, क्रीमवर धूळ बसेल," सासूबाई म्हणाल्या. केक परत त्यांच्या मांडीवर होता.

पहिलं वळण आलं. काय सांगू! गाडी तसूभरही झुकली नाही. दुसरं, तिसरं, केक जागच्या जागी. मी आरशात पाहिलं तर सासूबाईंनी चक्क मान डोलावली. लग्नानंतर पहिल्यांदाच. माझा ऊर भरून आला.

आणि डांबर संपलं. दरड कोसळली होती तिथे नुसते दगडगोटे पसरलेले. आमच्या जुन्या स्प्रिंगा असले दगड गिळून टाकायच्या. या नव्या प्रत्येक दगड मोजून पाठीच्या कण्यात पोचवत होत्या. माझे दात वाजायला लागले.

"नवरा पडला!" निएवेस किंचाळली.

"कोण, मी?"

"केकवरचा! खालच्या मजल्यावर गेलाय!"

मी वळून पाहिलं. (पाहू नये.) पुन्हा समोर बघतो तर धुक्यातून एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध येऊन खाजवत बसलेलं. मी ब्रेकला पाय लावला, नुसता लावला. गाडी मनात आणलं तिथे थांबली. आम्हाला कोणाला तशी कल्पना दिलेली नव्हती. सासूबाईंचे दोन्ही हात केकच्या तबकाला, त्यामुळे टोपीला हात उरला नाही. टोपी सुटली आणि वरच्या मजल्यावर अशी बसली, की साखरेची नवरी आत गडप.

"काढतो," म्हणत मी हात पुढे केला.

"खबरदार! टोपी आहे म्हणून उभा आहे तो!"

तिथून मी घाबरून दर वळणाला ब्रेक लावत, झटके देत, कसाबसा नाक्यापर्यंत आलो. पोलिसाने खिडकीत डोकं घातलं आणि तितक्याच वेगाने बाहेर काढलं.

"किती घेतलीस?"

"मी नाही घेतली, साहेब. गाडीने घेतली."

"कोणी?"

"शॉकअपनी."

"आणि ब्रेकांनीसुद्धा," मागून सासूबाई म्हणाल्या. "चारही."

पोलीस थोडा वेळ केकवरच्या टोपीकडे बघत राहिला. मग सासूबाईंना म्हणाला, "पाचामामाला आधी दिलीत ना?"

"म्हणजे काय!"

"मग ठीक. तू उतर. यात फुंक."

मी फुंकलं. यंत्रावर शून्य. त्याने यंत्र हातावर आपटलं, पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य. मी विजयाने निएवेसकडे पाहिलं.

"म्हणजे तू शुद्धीत आहेस?" पोलीस काळजीत पडला.

"पूर्ण, साहेब."

"वरच्या वळणापासून बघतोय तुला. निघतोस काय, थांबतोस काय, उड्या काय! प्यायला असतास तर समजून घेतलं असतं. दुसरं कोणी चालवणारं आहे का गाडीत?"

निएवेस केव्हाच उतरून माझ्या दाराशी उभी होती.

मग ती गाणं गुणगुणत, ब्रेकला गोंजारल्यासारखा पाय लावत, दगडांना वळसे घालत कोरोइकोपर्यंत गेली. केकचं पुढे साधं क्रीमही हललं नाही. मांडवात सासूबाईंनी सगळ्यांना मागे सरायला सांगून टोपी अलगद उचलली. वरचा मजला नवरीसकट टोपीबरोबर गेला. खालचे दोन मजले मात्र तसेच उभे. लिदियाने हसत सुरी घातली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या जिवात जीव आला.

"बघा, आई!" मी म्हणालो. "दोन मजले धड पोचले की नाही?"

"ते निएवेसने आणले," सासूबाई टोपीतलं क्रीम बोटाने काढत म्हणाल्या. "टोपीतला तुझा."

मी मान खाली घातली. नुसता जेवायला येणारा जावई! माझा चेहरा बघून त्यांनाही कसंतरी झालं असावं.

"बरं, रडू नकोस. पुढच्या बाप्तिस्म्याला तू फुग्यांचा पाद्रिनो. फुगे रिकामे आणायचे आणि इथे येऊन फुंकायचे. फुंकण्यात तू पास आहेस, पोलिसांनी दोनदा तपासलंय."

मला इतका आनंद झाला की म्हणालो, "आई, बघाच तुम्ही! एकेक फुगा गाडीतून असा जपून आणतो..."

"गाडी निएवेस चालवेल," सासूबाई म्हणाल्या. "फुगे मी धरीन. तू मागे बस."