पाच वाजताचं विमान

आत्या घोरायची, भोंगा ट्रम्पेट वाजवायची आणि दोघींना खोली एकच. भोंगा म्हणजे घरातली नववीतली मुलगी. शाळेच्या बँडमध्ये गेल्यापासून तिला दुसऱ्या नावाने कुणी हाकच मारत नव्हतं. शेवटी बाबांनी तिच्यासाठी गच्चीवर वेगळी खोली बांधायचं ठरवलं, तेव्हा ती आनंदाने इतकी उंच उडाली की खाली राहणाऱ्यांनी विचारायला माणूस पाठवला.

पण घर पडलं विमानतळाच्या कुंपणाजवळ. तिथे कुठे घरं, कुठे गोदामं आणि कुठे नुसतं गवत, हे नियोजन कार्यालय आवाज मोजून ठरवायचं. तिथल्या मॅडम आल्या, गच्चीवर तिवई उभी केली आणि तिच्यावर आवाज मोजायचं यंत्र बसवलं.

"आठवडाभर राहू दे. आकडा मर्यादेत बसला तर खोली. नाहीतर एक वीटसुद्धा नाही!"

यंत्राच्या कामात लुडबूड करायची नाही, अशी भोंगाने शपथच घेतली. विमानांचं वेळापत्रक पाठ केलं. पाच ते सहा एकही विमान नव्हतं. मग काय, रोज ठीक पाचला ती ट्रम्पेट घेऊन गच्चीवर हजर. स्वरांची वही टेकवायला ती तिवई तर अगदी तिच्या उंचीची होती!

आठव्या दिवशी मॅडम आल्या त्या कपाळाला हात लावूनच.

"पाचला इथून कुठलं विमान जातं हो?"

"पाचला? एकही नाही," बाबा म्हणाले.

"जातं! आणि तुमच्या गच्चीला घासून जातं. टॉवरला विचारलं, ते म्हणतात आमचं नाही. हवाई दलाला विचारलं, तेही हात वर करतात. आता नकाशात अख्ख्या गल्लीवर लाल रंग मारावा लागणार. खोली विसरा."

"अगं बाई! मग ते विमान आहे तरी कुणाचं?" आईने विचारलं.

आत्याने भाचीकडे पाहिलं. भोंगाने मनात हिशेब मांडला. गप्प बसावं, तर खोली गेली. बोलावं, तर अब्रू गेली. तिने अब्रूवर पाणी सोडलं.

"मॅडम, ते विमान मी आहे."

"हे बघ बाळ, खोलीसाठी असं खोटं बोलू नये."

"खोटं? चला वर!"

सगळी वरात गच्चीवर गेली. भोंगाने छाती भरून श्वास घेतला आणि फुंकर मारली. समोरच्या घरात खिडक्या धडाधड बंद झाल्या. आत्याने सवयीने कानात बोटं घातली. यंत्रावरचा आकडा चढतच गेला. तेवढ्यात उशीर झालेलं एक खरंखुरं विमान डोक्यावरून गेलं. आकडा तसूभरही हलला नाही.

"विमान गेलं का आत्ता?" मॅडमनी वर पाहिलं.

"गेलं की!" बाबांची मान ताठ झाली होती. "आमच्या पोरीपुढे त्याचं काय चालतंय!"

मॅडमनी पाच ते सहाचे सगळे आकडे तिथल्या तिथे खोडले. पंधरा दिवसांनी परवानगी आली. अट एकच: जाड भिंती आणि खिडक्यांना दुहेरी काचा.

"ही अट इथे सगळ्यांनाच असते," बाबा म्हणाले. "विमानांचा आवाज घरात येऊ नये म्हणून."

"छे! कारण वाचा ना बाबा!" भोंगाने कागद ओढून घेतला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "'खोलीतील आवाजाचा विमानतळास उपद्रव होऊ नये म्हणून.'"