ममीवाले देवधर

देवधरांना जेवायला बोलवायचं तर शेवयांची खीर करू नये, यावर आमच्या अबूधाबीच्या तमाम मराठी बायकांचं एकमत होतं. वाटी हातात आली की त्यांना इजिप्त आठवायचं. नाकातून आकडा घालून मुडद्याचा मेंदू कसा बाहेर काढत, हे ते खिरीत चमचा फिरवून दाखवत. "मेंदू फेकून द्यायचे, बरं का. हृदय मात्र जागच्या जागी. वर गेल्यावर वजन त्याचंच व्हायचं, पिसाबरोबर." एवढं सांगून स्वतः खीर भुरकायचे. बाकीच्यांच्या वाट्या तशाच.

मुसफ्फाच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ते स्टोअरकीपर होते आणि मी शेजारच्या केबिनमध्ये पर्चेसला, म्हणजे मला सुटका नाही. व्हॉल्व्हच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतानाही व्याख्यान. "ओलावा काढा, माल टिकतो. ते लोक मिठात चाळीस दिवस ठेवायचे, वर महिनाभर पट्ट्या गुंडाळायला." एकदा जीएमचा मेमो वाचला आणि नाकाला बोट लावून गंभीरपणे म्हणाले, "यांचा आधीच काढलाय."

सगळ्यात हाल हमदीचे. हा आमचा टाइमकीपर, खरा इजिप्शियन. चार दिवस कैरो बघून आलेले देवधर त्याला त्याचाच देश शिकवायचे. काळीज, फुफ्फुसं, जठर, आतडी कुठल्या बरणीत ठेवत, हे त्याला सांगता येईना तेव्हा त्यांनी त्याला चक्क नापास केलं. "खलास, हबीबी," म्हणत तो बिचारा डबा उचलून पळायचा. आणि वहिनी म्हणायच्या, हे मेलेल्यांबद्दल जेवढं बोलतात त्याच्या निम्मंही माझ्याशी बोलत नाहीत.

मग त्या जुलैत आमचा नांदेडकडचा वेल्डर मारुती लेबर कॅम्पमध्ये झोपेतच गेला. त्याच्या बायकोचा ऑफिसात फोन आला. मराठी बोलणारा म्हणून देवधरांच्या हातात दिला. तिनं एकच विचारलं, तोंड बघायला मिळेल ना? गावातले लोक तिला सांगत होते, पेटी उघडायचीच नाही, तशीच सरणावर ठेवायची. देवधर म्हणाले, "मिळेल. मी सांगतो ना."

आता इथून मयत पाठवायची तर आधी मसाला भरून घ्यावा लागतो, त्याच्या सर्टिफिकेटशिवाय विमानात घेत नाहीत. त्याआधी पोलीस, एम्बसी, व्हिसा कॅन्सल. त्यात गुरुवार दुपार, इथली सुट्टी शुक्रवारची, म्हणजे शनिवारपर्यंत सगळं बंद. कंपनीचा माणूस इन्शाल्ला म्हणून घरी गेला. देवधर गेले नाहीत. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये सहा वेळा आपटलेला हा गृहस्थ, त्यामुळे गाडी मीच हाकत होतो. चार दिवस आम्ही या खिडकीवरून त्या खिडकीवर. वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू!

शेवटी ओळख पटवायला आत बोलावलं. मारुती स्वच्छ, शांत पडला होता. मी मनात म्हटलं, झालं, आता इजिप्त सुरू. देवधरांनी खिशातून कंगवा काढला. "भांग डावीकडे पाडायचा हा," एवढंच म्हणाले आणि सावकाश त्याचे केस विंचरले.

तीन दिवसांनी नांदेडहून फोन आला. पेटी उघडली होती. झोपल्यासारखे दिसत होते, असं ती म्हणाली म्हणे. देवधरांनी रिसीव्हर ठेवला आणि स्टोअरमध्ये खोक्यावर बसून ढसाढसा रडले. मी म्हटलं, देवधर, अहो, तुम्ही दिलेला शब्द पाळलात की.

त्यांनी चष्मा पुसला. आई गेली तेव्हा ते रुवैसला होते, रिफायनरीत, नवीनच नोकरी. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. तो सुटेपर्यंत दोन दिवस गेले. घरी पोचले तेव्हा भाऊ अस्थी घेऊन दारात उभा होता.

"सत्तर दिवस लावायचे हो ते लोक एका माणसाला," देवधर म्हणाले. "माझ्या आईला कोणी दोन दिवस ठेवलं नाही."